लांकडाचा पाया

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत केशाकर्षणाचा पाठ चालू असतांना आम्हीं विद्यार्थ्यांस विचारलें कीं, घराच्या भिंतींत ओल खालून वर कशी चढते? दिव्याच्या वातींत तेल चढतें तशी, असें उत्तर आलें व तें बरोबरच होतें. इतक्यांत मागल्या बांकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, कॅनडांत माझ्या मामांच्या घराचा पाया लांकडाचा आहे. जमिनीखालच्या खोलीच्या भिंतीसुद्धां लांकडाच्याच आहेत.” सारा वर्ग हंसला. सांगावयास संकोच वाटतो, परंतु आम्हीही हंसलों, आणि “बाळ, तुझ्या मामांनीं वाळवीला जन्माचें जेवण घातलेलें दिसतें!” असें म्हणून त्यास खालीं बसविलें. पुढें शोध करितां मुलगा खरा आणि आम्ही खोटे ठरलों. त्याचें जें देणें लागतों, तें या लेखानें फेडीत आहों.

आमचें हंसणें कोठून आलें, हें पाहण्यासारखें आहे. सिमेंट म्हणजे पक्कें आणि लांकूड म्हणजे कच्चें, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजली आहे कीं, तिचा विचार करण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. वस्तुतः काँक्रीट हें दगडासारखें दिसलें तरी त्यांत अतिसूक्ष्म छिद्रें असतात, आणि त्या छिद्रांतून तें पाणी पितें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें जन्माची पुंजी घालून उतारावर घर बांधलें. पायांत सिमेंट मुळींच कमी घातलें नव्हतें. परंतु डोंगराकडून येणारें पाणी घराच्या पाठीशीं साचत असे, व त्यास जावयास वाट ठेविली नव्हती. दुसऱ्याच पावसाळ्यांत भिंती कमरेइतक्या ओलावल्या, लोणा लागला, पोपडे सुटूं लागले, आणि घरांतील लहान मुलीचा खोकला कांहीं केल्या हटेना. सिमेंटच्या गोण्या मोजतांना गृहस्थांनीं चूक केली नव्हती. पाणी मोजावयाचें राहून गेलें होतें.

आतां कॅनडाकडे वळूं. तेथील आल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा या सपाट प्रांतांत हिंवाळ्यांत जमीन खोलवर गोठते. पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, व तें वरच्या घरास उचलूं लागतें. म्हणून पाया त्या थराच्या खालीं न्यावा लागतो. आणि इतकें खणलेंच आहे तर खालीं एक तळघर करावें, असा तेथील रिवाज आहे. परंतु ओलें काँक्रीट थंडींत ओतलें तर तें घट्ट होण्यापूर्वींच गोठण्याचें भय असतें. यावर उपाय म्हणून १९६० नंतरच्या दशकांत कॅनडांत व अमेरिकेंत लांकडी पायाची पद्धति पुढें आली. उभ्या दांड्यांवर प्लायवूड ठोकून भिंतीचे तक्ते कारखान्यांतच तयार करितात, गाडीवर घालून आणितात, व खड्ड्यांत उभे करून एकमेकांस जोडितात. खिळेसुद्धां गंज न चढणारे घ्यावे लागतात.

या पद्धतीचें खरें मर्म लांकडांत नसून त्याच्या खालच्या खडींत आहे. हे तक्ते काँक्रीटवर नव्हे, तर खडीच्या जाड थरावर उभे असतात. वातीचे धागे बारीक व दाट असतात, म्हणून तिच्यांत तेल चढतें. खडीच्या दगडांमधील पोकळी मोठी, म्हणून तींतून पाणी वर चढूं शकत नाहीं, खालींच उतरतें. भिंतीच्या बाहेरच्या अंगास प्लास्टिकची चादर लाविलेली असते. तिच्यावरून ओघळलेलें पाणी त्या खडींत येतें व तेथून नळानें दूर जातें. सारांश, पाण्याशीं झुंज न खेळतां त्यास वाट करून दिलेली असते.

वाळवीचें आणि बुरशीचें काय, असें वाचक विचारतील. लांकडास बंद टाकींत घालून आंतली हवा काढून घेतात व औषधी द्रव दाबानें त्याच्या अंतर्भागांत शिरवितात. या कामीं दीर्घकाळ वापरलेलें तांबें, क्रोमियम व सोमल यांचें मिश्रण १९३३ सालीं डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेंत सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञानें शोधून काढलें. ज्या मामांस आम्हीं वाळवीचे यजमान ठरविलें, त्यांच्या देशांतील तळघरें आपल्याच एका देशबांधवाच्या बुद्धीनें राखिलीं गेलीं, हें कळतांच आमची मान दुप्पट खालीं गेली! मात्र सोमल तें सोमलच. असें लांकूड चुलींत जाळणें अत्यंत घातक आहे. २००३ सालच्या अखेरीस अमेरिका व कॅनडा येथें घरगुती कामांपैकीं बहुतेकांत हें मिश्रण बंद झालें. पायाच्या लांकडास तेवढी मुभा राहिली.

ही पद्धति कोंकणांत जशीच्या तशी आणावी, असें आमचें म्हणणें नाहीं. आपली वाळवी बारमाही, आपला पाऊस चार महिन्यांचा, आणि असें लांकूड गांवोगांव मिळण्याची सोय नाहीं. खुद्द कॅनडांतही हे पाये फसल्याचीं उदाहरणें आहेत. भिंतीचें वरचें टोंक घराच्या तक्तपोशीनें बांधलेलें असतें. ती बसण्यापूर्वींच बाहेरून माती लोटली तर भिंत आंत वांकते. कापलेल्या टोंकास पुनः औषध लाविलें नाहीं तर तेथूनच कूज शिरते. पाया बुजल्यावर तो कोणास दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या कामांत हयगय करण्याचा मोह सर्व देशांत सारखाच.

परंतु जे पालक घर बांधण्याच्या विचारांत असतील, त्यांस आमची विनंति आहे कीं, सिमेंट किती लागेल हें विचारण्याआधीं पाणी कोठें जाईल हें कंत्राटदारास विचारावें. आपले जुने लोक जांभ्याचें उंच जोतें घालीत, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पाडीत, आणि घरामागें चर खणीत. त्यांस केशाकर्षण हा शब्द ठाऊक नव्हता. खडकावरील व वाळूवरील घराचा दृष्टांत आमच्या मुलांस पाठ आहे. त्यांतही घरें कशाचीं होतीं याचा उल्लेख नाहीं, पाऊस मात्र दोहोंवर पडला.

त्या मुलाची क्षमा आम्हीं वर्गासमक्ष मागितली. तो थोडा लाजला, आणि मग म्हणाला, “सर, आपल्या वर्गाच्या मागच्या भिंतीला ओल कां येते?” आम्ही सर्वजण पाहावयास गेलों. छपराच्या पन्हळीचें तोंड भिंतीच्या अगदीं पायाशीं उघडत होतें. चर खणून पाणी विहिरीच्या बाजूस वळवावें, असा अर्ज आम्हीं केला आहे. खणण्यास नववीचे विद्यार्थी तयार आहेत.