हायब्रिड? कोणतं हायब्रिड?

'हायब्रिड' हा शब्द जालन्याच्या माणसाला नव्याने शिकवावा लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि बियाण्याच्या पिशवीबरोबर हा शब्द आपल्या घराघरात शिरला. आमचे आजोबा तर संकरित ज्वारीला नुसतं 'हायब्रिड'च म्हणायचे. त्यामुळे गेल्या दिवाळीत मामाने "औंदा हायब्रिड गाडी घ्यायची" असं जाहीर केलं, तेव्हा घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

मामाची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. दहा दिवस रोज रात्री त्याने मोबाईलवर गाड्यांचे रिव्ह्यू पाहिले. एका रिव्ह्यूवाल्याने सांगितलं, ही गाडी स्वतःच चार्ज होते, म्हणजे अर्धा प्रवास फुकट! दुसऱ्याने परदेशातली प्लग-इन हायब्रिड दाखवली आणि लिटरला साठ-सत्तर किलोमीटरचा आकडा फेकला. मामाने दोन्ही मिळून डोक्यात एकच गाडी तयार केली. मग मला म्हणाला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? चल संगं."

शोरूममधला मुलगा हुशार होता. "सर, प्लग-इनचीच टेक्नॉलॉजी आहे, फक्त वायरची कटकट नाही. सेल्फ चार्जिंग!"

मामाने शेतकऱ्याचा साधा प्रश्न विचारला, "पण मग करंट येतो कुठून?"

"ब्रेक मारला की तयार होतो, सर."

मामाने माझ्याकडे पाहिलं. "काय रे, खरंय का?"

आणि मी, थर्मोडायनॅमिक्समध्ये बऱ्यापैकी मार्क पडलेला माणूस, म्हणालो, "हो मामा, रीजनरेटिव्ह ब्रेकिंग असतं ते."

खोटं बोललो नाही, पण अर्धंच बोललो. ब्रेक मारल्यावर जी ऊर्जा परत मिळते, ती गाडीला वेग देताना पेट्रोलनेच दिलेली असते. चार्जिंगचं सॉकेट नसलेल्या गाडीत बाहेरून येतं ते फक्त पेट्रोल. फुकट काहीच नाही. फर्स्ट लॉ आपण परीक्षेत लिहितो आणि शोरूमच्या एसीत विसरतो! नॉर्वेच्या ग्राहक खात्याने २०२० मध्ये 'सेल्फ चार्जिंग' म्हणणाऱ्या हायब्रिडच्या जाहिरातीला याच कारणाने मनाई केली होती.

हॉस्टेलवर परतल्यावर नीट वाचलं तर कळलं की 'हायब्रिड' या एका नावाखाली तीन वेगवेगळी यंत्रं विकली जातात. एक माइल्ड. २०१५ मध्ये सियाझवर एसएचव्हीएस आलं, त्यातली छोटी मोटर इंजिन चालू करते आणि थोडा धक्का देते, पण एकटी गाडी हलवू शकत नाही. सरकारची सबसिडीही अशा गाड्यांना मिळत होती, ती १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. दुसरी स्ट्राँग, उदाहरणार्थ २०२२ ची ग्रँड विटारा. ही थोडं अंतर खरंच विजेवर जाते. पण हिची बॅटरी केवढी? जेमतेम पाऊण युनिट! दीड हजार वॅटची कॉइल बादलीत अर्धा तास ठेवली की तेवढीच वीज जाते. (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे.)

तिसरी प्लग-इन. हिची बॅटरी साधारण दहा-पंधरा युनिटची, घरच्या विजेवर चार्ज होणारी. तीस-पन्नास किलोमीटर पेट्रोलशिवाय जाते. २०१६ ला आपल्याकडे व्हॉल्व्होची एक्ससी९० आली ती अशी, पण किंमत कोटीच्या वर. आणि हिच्या मायलेजचे आकडेही जपूनच घ्यावेत. कागदावरचा आकडा काढताना मालक गाडी नियमित चार्ज करतो असं धरलेलं असतं. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती जाहीर केली. त्यात प्लग-इन गाड्यांचा प्रत्यक्षातला धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कागदावरच्या सरासरी साडेतीन पट निघाला. लोक चार्जच करत नाहीत, दुसरं काय! बॅटरी संपली की तिचं ओझं पेट्रोलनेच वाहायचं.

स्ट्राँग हायब्रिड वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती खरोखर पेट्रोल वाचवते. रिव्ह्यूवाले तिथेच चालवतात. मामा मात्र समृद्धीवर चढतो आणि शंभरच्या वेगाने एका दमात संभाजीनगर गाठतो. ब्रेकच मारला नाही तर परत मिळणार काय? हे त्याला एकाही व्हिडिओने सांगितलं नाही, शोरूमने नाही, आणि भाच्यानेही नाही.

त्या सेल्समनचा मला राग येत नाही. तोही आपल्यासारखाच मेकॅनिकलवाला निघाला. बॅटरी किती युनिटची, असं मी निघताना विचारलं तर म्हणाला, "सर, आठ वर्षांची वॉरंटी आहे!" दोन वर्षांनी त्या टायच्या जागी आपल्यापैकी कुणीतरी असेल. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करने संभाजीनगरला इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या कारखान्यासाठी २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला आहे. आपल्यातले अर्धे जण तिकडे डोळे लावून बसलेत, आणि या तीन प्रकारांतला फरक वर्गात विचारा... असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की शोरूमने कोटेशनवर तीन गोष्टी लेखी द्याव्यात. बॅटरी किती युनिटची, सॉकेट आहे की नाही, आणि हायवेवर मायलेज किती. बियाण्याच्या पिशवीवर उगवण टक्केवारी छापावी लागते, १९६६ पासून तसा कायदा आहे. दोन किलोच्या पिशवीला जो नियम, तो वीस लाखांच्या गाडीला का नको? तिथे नुसता मागे चमकणारा 'हायब्रिड'चा बिल्ला!

मामाला फोन करून कॉइलचा हिशोब सांगितला. बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "आरं, हे तिथंच बोलला असतास तर? मी टोकन देऊन बसलो ना." टोकनचे पाच हजार परत मिळायला दीड महिना लागला. गाडीचं आता मृग बहाराचे पैसे आल्यावर बघू म्हणतो.