कोंबड्यांचं काय करायचं, हे पिल्लं आणण्याआधी ठरवा



दिंडोरीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे, हे चॅनल बघणाऱ्यांना माहीत आहेच. काउंटरवर परसातल्या कोंबड्या पाळणारे रोज येतात आणि वर्षभर एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, कोंबडे फार झालेत. काय करू त्यांचं?"

हा प्रश्न येतो कधी? कोंबडे पाच महिन्यांचे झाल्यावर. पहाटे चारला बांग सुरू झालेली असते, आपसात भांडणं लागलेली असतात, कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेलेली असतात आणि खाद्याचं पोतं आठवड्याच्या आत संपायला लागलेलं असतं. तेव्हा जो निर्णय होतो तो घाईचा होतो, आणि घाईत विकणाऱ्याचा भाव नेहमी घेणाराच ठरवतो.

माझं मत सरळ आहे. कोंबड्यांचा निर्णय पिल्लं आणायच्या आधी घ्यायचा. किती ठेवणार, बाकीचे कोणत्या महिन्यात जाणार आणि कोण नेणार, या तीन गोष्टी वहीत लिहायच्या आणि मगच पिल्लांचे पैसे द्यायचे. मी खाद्य विकते. तुमचे जास्तीचे कोंबडे आणखी सहा महिने राहिले तर धंदा माझाच वाढतो. तरी सांगते, ठेवू नका.

अर्धे नर येणारच

एक दिवसाची मिश्र पिल्लं घेतली की साधारण निम्मे नर निघतात. हे नशीब नाही, निसर्ग आहे. गावरान घ्या, वनराजा घ्या, गिरिराजा घ्या, हिशोब तोच. म्हणजे 100 पिल्लांतली समजा 10 मेली, तर 90 मध्ये 45 कोंबड्या आणि 45 कोंबडे. "मी अंड्यांचा धंदा करतोय" असं म्हणणारा माणूस खरं तर दोन धंदे सुरू करत असतो. एक अंड्यांचा, दुसरा कोंबड्यांचा. पहिल्याचं नियोजन असतं, दुसऱ्याचं नसतं.

आणि बाजारात फिरत्या विक्रेत्याकडे मिळणारी ती रंगवलेली स्वस्त पिल्लं! ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो म्हणून ती इतक्या कमी पैशात मिळतात. ती वाढवून अंडी मिळतील या आशेवर बसू नका. नर पिल्लांचा हा प्रश्न जगभर आहे. जर्मनीने 2022 पासून अंड्यांच्या जातीची नर पिल्लं जन्मताच मारण्यावर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही नव्याने गणित मांडावं लागलं. तुम्ही-आम्ही वहीत मांडू, एवढाच फरक.

मग ठेवायचे किती?

फक्त खायची अंडी विकणार असाल तर एकही कोंबडा लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, तेवढीच देते. उलट कोंबडा नसेल तर अंडं फलित होत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात याचा फायदाच होतो. फलित अंडं गरम जागी राहिलं तर आत जीव धरायला लागतो आणि गिऱ्हाईक अंडं परत घेऊन येतं.

पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आपल्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत तलंगांचा जो गट मिळतो तो बघा, 25 माद्या आणि 3 नर. म्हणजे वरच्या 45 कोंबड्यांना पाच कोंबडे भरपूर झाले. उरलेले 40 जास्तीचे. ते जास्तीचे आहेत हे पहिल्याच दिवशी मान्य करा.

ते पाच निवडताना नुसता तुरा आणि रुबाब बघू नका. पाय सरळ, वजन चांगलं, कधी आजारी न पडलेला आणि माणसाच्या अंगावर न धावणारा कोंबडा ठेवा. घरात लहान मुलं असतील तर शेवटची गोष्ट आधी बघा. आणि एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या पाळणाऱ्याशी कोंबड्याची अदलाबदल करा, म्हणजे जवळच्या नात्यात पैदास होत नाही.

थांबण्याची किंमत

आता वही-पेन घ्या. आकडे मी समजा म्हणून धरते, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

वाढलेला कोंबडा दिवसाला साधारण 100 ग्रॅम खातो. 40 कोंबडे म्हणजे रोज 4 किलो, महिन्याला 120 किलो. खाद्य 35 रुपये किलो धरलं तर महिन्याचे 4,200 रुपये.

बदल्यात मिळतं काय? पाच महिन्यांनंतर वाढ मंदावते. महिन्यात 150 ग्रॅम वाढला असं धरू. 40 कोंबड्यांचे 6 किलो. जिवंत भाव 300 रुपये किलो धरला तर 1,800 रुपये. म्हणजे 4,200 घालून 1,800 मिळाले.

"पण ताई, आखाडात भाव चढतो ना!" चढतो, खरंय. समजा किलोमागे 50 रुपये चढला. 40 कोंबडे, प्रत्येकी 1.8 किलो, म्हणजे 72 किलो. त्यावर 3,600 रुपये जास्त. वाढलेल्या वजनाचे 1,800 धरून 5,400. एक महिना थांबण्याचा खर्च 4,200. म्हणजे 1,200 रुपये हातात राहिले. दोन महिने थांबलात तर? खर्च 8,400, आणि मिळणारे फार तर 7,200. तिथे तोटा सुरू झाला.

म्हणजे सणासाठी एक महिना थांबणं हा धंदा, दोन महिने थांबणं हा हट्ट. आणि त्या एका महिन्यात मानमोडीने किंवा कुत्र्याने दोन कोंबडे नेले, तर ते 1,200 जवळपास सगळे गेले. तुमच्या कोंबड्या दिवसभर मळ्यात चरत असतील तर खाद्याचा खर्च कमी धरा, पण शून्य धरू नका.

दारात उभा असलेला माल म्हणजे जोखीम, हे आपल्या भागाने बघितलेलं आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. 2020 च्या सुरुवातीला चिकनने कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि भाव कोसळले. दोन्ही वेळा ज्यांचे पक्षी आधीच विकले गेले होते ते वाचले. अशी वेळ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून ठरलेल्या तारखेला माल गेलेला बरा.

तारीख मागून मोजा

आपल्याकडे कोंबड्याची मागणी पंचांगावर चालते. आषाढात जोर असतो, दीप अमावस्येपर्यंत, जिला लोक गटारी म्हणतात. श्रावण लागला की एकदम शांत. गणपती, पितृपक्ष, मग नवरात्र. आपल्याला तर सप्तशृंगी गड जवळ, नवरात्रात वणीच्या रस्त्यावर भाविकच भाविक. त्या नऊ दिवसांत कोंबडा विकायचा विचारही नको. दिवाळीनंतर मागणी पुन्हा उठते, मार्गशीर्षात काही घरं परत बंद.

आता मागून मोजा. गावरान कोंबड्याला विक्रीच्या वजनाला यायला पाच-सहा महिने लागतात. आषाढात विकायचं तर पिल्लं जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत यायला हवीत. एप्रिलमध्ये पिल्लं आणली तर कोंबडे तयार होतात ऐन पितृपक्ष-नवरात्राच्या तोंडावर. मग दोन महिने खाऊ घालत बसा. चूक कोंबड्याची नसते, कॅलेंडरची असते.

नेणार कोण?

पहिला रस्ता लवकर विकण्याचा. सहा-आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल दिसायला लागतो. तेव्हाच वेगळे काढा आणि वाढवायला घेणाऱ्याला नगावर देऊन टाका. पैसे कमी येतात, पण खाद्यही कमी गेलेलं असतं. जागा कमी असेल तर हाच रस्ता चांगला.

दुसरा रस्ता सणाला थेट घरगुती गिऱ्हाईक. नाशिक शहर आपल्यापासून 25 किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथे गावरान शोधणारी माणसं आहेत. पंधरा दिवस आधी फोनवर नोंदणी घ्या, थोडा विसार घ्या, वजन गिऱ्हाइकासमोर काट्यावर करा. नजरेने वजन सांगणाऱ्या व्यापाऱ्याला "उक्ते घेऊन जा" म्हणू नका.

तिसरा रस्ता नाशिक-वणी-सापुतारा रस्त्यावरचे ढाबे. त्यांना एकसारख्या वजनाचा माल लागतो आणि दर आठवड्याला लागतो. एकट्याच्या 40 कोंबड्यांनी ते होत नाही. पण बचत गटातल्या पाच जणींनी पिल्लं तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणली तर होतं. उधारी मात्र पहिल्या दिवसापासून नको.

विक्री जिवंतच करा. कापून मांस विकायचं ठरवलं तर अन्न परवान्याची नोंदणी, स्थानिक परवानगी, स्वच्छ जागा, सांडपाणी हे सगळं आलं. तो वेगळा धंदा आहे, जोडधंदा म्हणून त्यात घुसू नका.

मन होत नसेल तर

हे मला नीट बोलायचंय. आपल्याकडे माळकरी घरं आहेत, सेवेकरी घरं आहेत. अंडी विकायला हरकत नसते, पण कोंबडा कापायला द्यायचा म्हटलं की हात थांबतो. यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग मिश्र पिल्लं आणूच नका. आठ-दहा आठवड्यांच्या, मादी ओळखू आलेल्या तलंगा घ्या. नगाला पैसे जास्त जातील. ते जास्तीचे पैसे म्हणजे तुमच्या मनाच्या शांततेची किंमत समजा आणि अंड्याच्या भावात धरा.

मिश्र पिल्लं आणायची, कोंबडे वाढवायचे आणि मग "कोणाला तरी देऊन टाकू, म्हणजे आपल्याला पाप नको" म्हणायचं, हे मला पटत नाही. नेणारा तो कापणारच आहे. आपल्याला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. ज्याला शेवट बघवत नाही त्याने सुरुवात वेगळी करावी.

आणि रानात किंवा देवळामागे सोडून येणं हा तर पर्यायच नाही. परसातला कोंबडा तिथे कुत्र्याच्या तोंडी जातो, नाहीतर उपाशी मरतो. जनावराला असं वाऱ्यावर सोडणं, त्यांच्या झुंजी लावणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. झुंजीसाठी कोणी दुप्पट भाव देतो म्हणाला तरी नको. नेतानाही पाय बांधून गाडीच्या हँडलला उलटे लटकवू नका. टोपलीत, हवेशीर, सकाळच्या गारव्यात न्या. सहा महिने आपल्या दारात राहिलेला जीव आहे, शेवटचा तास तरी त्याला त्रास नको. आणि धडधाकट कोंबड्यालाच चांगला भाव मिळतो, हेही आहेच.

आजचा गृहपाठ

पुढची पिल्लं आणायच्या आधी वहीत चार ओळी लिहा. किती कोंबडे ठेवणार. बाकीचे कोणत्या महिन्यात विकणार. कोणाला विकणार, निदान तीन जणांचे फोन नंबर. आणि त्या तारखेला भाव मनासारखा नसला तर जास्तीत जास्त किती दिवस थांबणार.

चौथी ओळ सगळ्यात अवघड जाते, कारण कोंबडा दिसायला देखणा असतो आणि "अजून थोडा वाढू दे" हे वाक्य तोंडात तयार असतं. ते वाक्य तोंडात आलं की वही उघडा. तारीख उलटून गेली असेल तर त्याच आठवड्यात कोंबडे विका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.