साठीचा संघपती

कार्तिकी पौर्णिमा उलटली की घरोघरी दोन प्रकारच्या पत्रिका येऊ लागतात. एक लग्नाची, दुसरी एकसष्टीची. लग्नात दोन घरांचा मान असतो, पाहुण्यांचे रुसवे-फुगवे असतात. तेथे थोडा थाट क्षम्य ठरतो. एकसष्टीने मात्र अलीकडे लग्नाशीच स्पर्धा मांडली आहे. सजवलेले व्यासपीठ, जीवनपटाची चित्रफीत, शाल-श्रीफळ, मानपत्र आणि चारशे पाने. सत्कारमूर्तीला तीन तास उभे राहावे लागते आणि पाय सुजल्यावरच घरी जाता येते.

या गर्दीत सत्कारमूर्तीचे मित्र कोठे असतात? पहिल्या दुकानासाठी ज्याने सहा महिन्यांच्या उधारीवर माल दिला, वडील गेले त्या रात्री जो न बोलता ओट्यावर बसून राहिला, मुलीच्या स्थळाची चौकशी करण्यासाठी जो स्वतःचा धंदा बंद ठेवून परगावी गेला, तो मित्र इतरांप्रमाणे रांगेत उभा राहतो. हस्तांदोलन, छायाचित्र, भोजन. दहा मिनिटांत तो मंडपाबाहेर पडतो. ज्यांच्या साक्षीने साठ वर्षे घडली, त्यांच्या वाट्याला त्या साठ वर्षांच्या सोहळ्यातील दहा मिनिटे येतात.

जैन परंपरेला आनंद साजरा करण्याची एक जुनी रीत ठाऊक आहे. आयुष्यात काही मिळवले, की माणूस संघ काढीत असे. स्वतः तीर्थाला जायचे आणि एकट्याने न जाता सोबत इतरांना न्यायचे. तेराव्या शतकातील गुजरातचे मंत्री वस्तुपाल यांनी शत्रुंजय व गिरनारच्या यात्रेला संघ नेल्याचे उल्लेख शिलालेखांत आणि प्रबंधवाङ्मयात आहेत. असा संघ नेणारा तो संघपती. संघवी, सिंघवी, संघई ही आडनावे त्या एका शब्दाची आजवर टिकलेली खूण आहेत. श्वेतांबर परंपरेतील ‘छ’री पालित’ संघात यात्रेकरू सहा नियम पाळतो : पायी चालणे, दिवसातून एकदा भोजन, भूमीवर शयन, ब्रह्मचर्य, सचित्ताचा त्याग आणि सम्यक्त्वाचे पालन. संघपतीला माळ घातली जाते, ही गोष्ट खरी. परंतु ती माळ मिळते ती यात्रा पार पडल्यावर. तोवर पाणी आले का, वृद्धांची सोय झाली का, मागे कोणी राहिले तर नाही ना, ही चिंता त्याची. सत्कारमूर्ती आणि संघपती यांत हाच भेद आहे. पहिल्याकडे सर्वांनी पाहायचे असते, दुसऱ्याने सर्वांकडे पाहायचे असते.

साठीला पोहोचलेल्या व्यापाऱ्याने चार-पाच मित्रांपुरता असा संघपती व्हावे, आणि त्यासाठी हिवाळ्यासारखा काळ नाही. याला धार्मिक कारणे आहेत, शारीरिक आहेत आणि व्यापारीही आहेत. चातुर्मास संपून साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. पावसाळ्यात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा उघडते. जी श्वेतांबर घरे चौमासीचे नियम पाळतात, त्यांच्याकडे कार्तिक चौमासीपासून फाल्गुन चौमासीपर्यंत पालेभाज्या, खजूर आणि सुकामेवा चालतो. प्रवासाच्या डब्याला याहून मोठी सोय ती कोणती? शिवाय आपल्या बहुतेक तीर्थांवर अनवाणी चढावे लागते. वैशाखात तापलेल्या कातळावर तळपाय भाजतात, तोच कातळ पौषात सुखद वाटतो.

व्यापाऱ्याच्या दिनदर्शिकेतही या ऋतूत एक फट सापडते. आगाऊ आयकराचा तिसरा हप्ता १५ डिसेंबरला भरला जातो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचे जीएसटीआर-३बी २० तारखेला संपते आणि पुढचे जीएसटीआर-१ येते ११ जानेवारीला. जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची ३१ डिसेंबरची मुदत ज्यांना लागू आहे, त्यांनी ते काम आधीच उरकावे. धनुर्मासामुळे लग्ने थांबलेली असतात, त्यामुळे कापड, सराफी आणि भांड्यांच्या पेढ्यांवर संक्रांतीपर्यंत थोडी उसंत असते. नाताळच्या आठवड्यात सर्वत्र गर्दी आणि चढे दर असतात. म्हणजे २ ते १० जानेवारी हे आठ-नऊ दिवस उरले. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास तारीख पक्की झाली पाहिजे. मार्गशीर्ष वद्य दशमीचे पार्श्वनाथ जन्मकल्याणक त्या वर्षी कधी येते, हेही पाहावे. पार्श्वनाथांच्या तीर्थांवर त्या दिवसांत अठ्ठमच्या तपस्व्यांची दाटी असते आणि धर्मशाळेत खोली मिळणे कठीण होते.

स्थळ निवडताना सर्वांत दुर्बळ गुडघ्याचा विचार आधी करावा. ज्यांना चढण नको, त्यांना वेरूळ उत्तम. तेथील ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. ३२ व्या, म्हणजे इंद्रसभा लेण्याच्या वरच्या मजल्यावरील स्तंभ आणि छतावरील कमळ पाहताना अर्धा दिवस कसा जातो ते कळत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे. ज्यांना थोडे चढता येते, त्यांच्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळचे बाहुबली क्षेत्र आहे; तेथील २८ फुटी संगमरवरी बाहुबली मूर्ती पायथ्याशीच असल्याने न चढणारा मित्रही दर्शनाला मुकत नाही. ज्यांचे पाय अजून धड आहेत, त्यांनी श्रवणबेळगोळ गाठावे. चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली ती ५७ फुटी गोमटेश्वराची मूर्ती, तिच्यापर्यंत नेणाऱ्या विंध्यगिरीच्या कातळात कोरलेल्या सहाशेंहून अधिक पायऱ्या, आणि मूर्तीच्या पायाशी असलेला लेख. कर्नाटकातील त्या शिखरावर कन्नड आणि तमिळ लेखांशेजारी मराठीत कोरलेली ओळ वाचताना मराठी माणसाचा कंठ दाटून येतो. शत्रुंजयाच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या घरात आहेत. तेथे डोली मिळते. मात्र डोली घेण्याचा संकोच मित्राला वाटू नये, याची काळजी संघपतीने घ्यावी. पहिली डोली त्याने स्वतःसाठी सांगितली, की दुसऱ्याला ती मागणे सोपे जाते.

वेळापत्रक सूर्याचे ठेवावे. डिसेंबरच्या अखेरीस पश्चिम महाराष्ट्रात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पारायची आणि चोविहार सूर्यास्ताच्या आत करायचा, म्हणजे खाण्यापिण्यासाठी जेमतेम दहा तास मिळतात. ‘रात्री उशिरा पोहोचू, मग जेवू’ असा बेत येथे चालत नाही. संध्याकाळचे भोजन पाच वाजता कोठे होणार, हे सकाळीच ठरलेले असावे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने संध्याकाळच्या मात्रेबद्दल निघण्यापूर्वी वैद्यांना विचारावे, कारण जेवण पाचला आणि औषध रात्री नऊला, हा मेळ घातक ठरू शकतो. हृदयविकार असलेल्याने पहाटेच्या कडक थंडीत चढण सुरू करू नये. ऊन अंगावर आल्यावर निघावे. रात्र मोठी असल्याने प्रतिक्रमणानंतरही दोन तास उरतात. गप्पांसाठी असा वेळ गावात वर्षभर मिळत नाही.

ज्यांना एवढा प्रवास शक्य नाही, त्यांनी एक दिवस कोणा स्नेह्याच्या शेतावर घालवावा. सोलापूर, नगर, मराठवाड्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात त्या सुमारास हुरडा येतो. आगटीची जागा जयणेने स्वच्छ करून घ्यावी, लसणाच्या चटणीऐवजी तीळ वा जवसाची चटणी, सोबत दही आणि गूळ ठेवावा, आणि दिवस मावळण्यापूर्वी सर्व आटोपावे. नियमही राहतो आणि आनंदही.

हे सारे सोपे आहे. अवघड गोष्ट पुढे येते, आणि ती पैशाची आहे. साठीपर्यंत येता येता बालमित्रांच्या वाटा वेगळ्या झालेल्या असतात. एकाच बाकावर बसलेल्यांपैकी एकाच्या तीन पेढ्या होतात, दुसऱ्याची होती ती बंद पडते. एका बाजारपेठेतील पाच मित्रांचे असेच झाले. सर्वांत सधन मित्राने साठीनिमित्त राजस्थानातील एका महालवजा हॉटेलात चार दिवसांचा बेत जाहीर केला. चौघे हरखले. पाचव्याने नातवाच्या परीक्षेचे कारण सांगितले. त्याचे ठोक कापडाचे दुकान दोन वर्षांपूर्वी मिटले होते. नातू तर अजून बालवाडीत होता! ही विसंगती एकाच्याच ध्यानात आली. त्याने सधन मित्राला बाजूला घेऊन एवढेच सांगितले, ‘‘अरे, बालवाडीला परीक्षा नसते.’’

सधन मित्राच्या मनात प्रथम आले ते हे, की त्याचा खर्च आपण उचलू. आपल्यापैकी कोणाच्याही मनात हेच येईल. परंतु ज्याने चाळीस वर्षे बरोबरीने ताटाला ताट लावले, त्याला आश्रित म्हणून गाडीत बसवणे हा उपकार ठरेल, मैत्री ठरणार नाही. अखेर महालाचा बेत रद्द झाला आणि श्रवणबेळगोळ ठरले, तेही पुढच्या हिवाळ्यात. मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येकाने दरमहा १,५०० रुपये काढायचे. पाच जणांचे सात महिन्यांत ५२,५०० रुपये झाले. शयनयान डबा, धर्मशाळेतील खोल्या, भोजनशाळेचे जेवण आणि बंगळूरूपासून एक मोटार, एवढे त्यात बसवायचे असे ठरले. खजिनदार झाला तो पाचवाच मित्र, कारण खतावणी त्याच्याइतकी चोख कोणालाच येत नव्हती. त्याने नेहमीच्या सवयीने चहाच्या पाच पेल्यांचीही नोंद ठेवली. परतल्यावर ताळेबंद वाचून दाखवला आणि उरलेली रक्कम सर्वांच्या संमतीने पांजरपोळास दिली. सधन मित्राला आणखी काही खर्च करायचा होता. तो त्याने भोजनशाळेत, नाव न लिहिता केला. याची वाच्यता प्रवासात झाली नाही.

साधर्मिक वात्सल्याचा आपल्याकडे मोठा महिमा सांगितला जातो. त्याचा अर्थ बहुधा जेवणावळीपुरता उरतो. ज्याला द्यायचे त्याची मान खाली न जाता देणे, हा त्या शब्दातील कठीण भाग आहे. वर्गणी ठरवताना सर्वांत कमी ऐपत असलेला मित्र सहज देऊ शकेल तो आकडा सर्वांचा आकडा मानावा. त्याला काही विचारू नये. आपल्या मित्राची ऐपत चाळीस वर्षांत कळली नसेल, तर साठी कसली साजरी करायची? व्यवहार आधी लिहून ठेवावा, पैसे एका ठिकाणी जमा व्हावेत, आणि ‘‘राहू दे रे, मी देतो’’ हे वाक्य प्रवासात वर्ज्य मानावे. त्या वाक्याने देणारा मोठा होतो आणि बाकीचे तेवढेच लहान होतात.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत नावाचे एक गुणव्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतः घालून घ्यायची. व्यापारासाठी देशोदेशी फिरणाऱ्या समाजाने हे व्रत स्वीकारले, यामागे खोल शहाणपण आहे. किती दूर गेलो याला साठीनंतर फारसे महत्त्व उरत नाही. कोणाला सोबत घेऊन गेलो आणि सर्व जण हसतमुखाने परतले का, एवढेच पाहायचे असते.

यंदाच्या थंडीत ज्यांची साठी वा एकसष्टी आहे, त्यांनी पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी एक छोटी यादी करावी. पाच नावांची. त्यांतील जे नाव लिहिताना ‘तो येईल की नाही’ अशी शंका मनात येते, बेत त्याच्यापासून आखायला घ्यावा.