पुढचा फोन चांगला येईल हो, हातातल्याचं काय?

पोस्ट मोठी आहे, पण ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे त्याने वाचावी ही विनंती.

आमच्या गल्लीतला एक मुलगा स्कूटरवरून पार्सलं पोचवतो. दीड वर्षापूर्वी त्याने १६ हजारांचा फोन हप्त्यावर घेतला. मागच्या महिन्यात एका रात्री फोन चार्जिंगला लावला आणि सकाळी तो उठलाच नाही. कधी हातातून पडला नव्हता, पाण्यात भिजला नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला : मदरबोर्ड गेलाय, वॉरंटी संपलीये, साडेनऊ हजार होतील. तिथून तो बाजारातल्या रिपेअरिंगवाल्याकडे गेला. त्याने फोन उलटा करून बघितला आणि म्हणाला, "या मॉडेलचे लय येतात दादा. सकाळपासून हा तिसरा."

चार दिवस काम बुडालं. शेवटी पोराने कुणाचा तरी जुना फोन तीन हजाराला घेतला.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की कमेंटमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतील आणि मूळ प्रश्न बाजूला राहील. प्रश्न साधा आहे. गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्याला जो दोष माहीत आहे, तो कंपनीला माहीत नाही यावर विश्वास ठेवायचा कसा?

ही गोष्ट मी मित्रांच्या ग्रुपवर सांगितली, तर पहिलं उत्तर काय आलं? "त्याने अमुक चिपचा फोन घ्यायलाच नको होता. तमुक घ्यायचा." म्हणजे चूक गिऱ्हाइकाची! त्याने दुकानात जाण्याआधी सेमीकंडक्टरचा अभ्यास करायला हवा होता.

बरं, अभ्यास केला समजा. मग काय होतं ते बघा.

२०२० साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस२० आला. नाव एक, जाहिरात एक. पण अमेरिकेत त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८६५ चिप आणि भारतात सॅमसंगची स्वतःची एक्झिनॉस ९९०. ही एक्झिनॉस जास्त तापते, बॅटरी जास्त खाते असं त्या वेळच्या बहुतेक तुलनांमध्ये दिसलं. गंमत म्हणजे सॅमसंगच्या माहेरी, दक्षिण कोरियातही, स्नॅपड्रॅगनच दिली होती. लोक इतके वैतागले की 'आम्हाला एक्झिनॉस नको' म्हणून ऑनलाइन अर्ज फिरला. पुढे एस२३ मध्ये सगळीकडे स्नॅपड्रॅगन आली. एस२४ ला भारतात पुन्हा एक्झिनॉस. एस२५ ला पुन्हा स्नॅपड्रॅगन. सर्वसामान्य माणसाने हे लक्षात ठेवायचं तरी कसं?

बरं, "मग स्नॅपड्रॅगनच चांगली" असं म्हणावं, तर २०१५ आठवा. त्या वर्षी स्नॅपड्रॅगन ८१० तापण्यासाठी बदनाम झाली होती, आणि सॅमसंगने एस६ मध्ये आपली एक्झिनॉस घालून बाजी मारली होती. ॲपलवाल्यांनीही फार हसू नये. त्याच वर्षीच्या आयफोन ६एस मधली ए९ चिप काही फोनांत सॅमसंगच्या कारखान्यातली होती, तर काही फोनांत तैवानच्या टीएसएमसीची. बॅटरीत फरक पडतो अशी ओरड झाल्यावर ॲपलने सांगितलं की प्रत्यक्ष वापरात फरक दोन-तीन टक्क्यांचा आहे. फरक लहान होता हे मान्य. पण आपल्या वाट्याला कुठली चिप आली, हे खोक्यावर बघून कुणालाच कळत नव्हतं.

म्हणजे अभ्यास करूनही हाताला लागतं ते नशीबच.

आता या कंपन्यांच्या भांडणाकडे वळू. आपण इथे कमेंटमध्ये एकमेकांची उणीदुणी काढतो, आणि तिकडे काय चालतं? क्वालकॉम आणि सॅमसंग चिपच्या धंद्यात प्रतिस्पर्धी. पण क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ या चिपा सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होत्या. आणि त्याच चिपांना सॅमसंगचा फोनविभाग गिऱ्हाईक! ॲपल आणि सॅमसंगची दुश्मनी तर जगजाहीर, आणि आयफोनचा पडदा सॅमसंगकडून येतो. ॲपल आणि क्वालकॉम २०१७ पासून कोर्टात भांडत होते. एप्रिल २०१९ मध्ये एका दिवसात समेट झाला. त्याच दिवशी इंटेलने ५जी फोनच्या मोडेममधून अंग काढून घेतलं, आणि तीन महिन्यांनी इंटेलचा मोडेमचा धंदा ॲपलने १०० कोटी डॉलरला घेतला.

बाहेर कुस्ती, आत भागीदारी. यात वाईट काही नाही, धंदा असाच चालतो. फक्त त्यांच्यासाठी आपण आपसात भांडू नये, इतकंच.

कुणी म्हणेल, "स्पर्धेमुळेच तर माल सुधारतो." खरं आहे. ८ जेन १ तापते अशी बोंब झाल्यावर क्वालकॉमने २०२२ च्या मध्यात तिची सुधारित आवृत्ती टीएसएमसीकडे बनवायला दिली, आणि वीज ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते असं जाहीर केलं. स्पर्धेचा हा फायदा कुणीही नाकारणार नाही. पण तो मिळाला कुणाला? पुढचा फोन घेणाऱ्याला. ज्याने आधीच पन्नास हजार मोजून तापणारा फोन घेतला होता, त्याच्या हाताला चटके तसेच.

माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे : स्पर्धा पुढचा फोन सुधारते, तुमच्या हातातला नाही.

उलट कधीकधी स्पर्धाच दोष जन्माला घालते. इंटेलचं बघा. एएमडी मागे लागली म्हणून वेगाचे आकडे वाढवत नेले, डेस्कटॉपची चिप ६ गिगाहर्ट्झपर्यंत ताणली. मग १३ व्या आणि १४ व्या पिढीचे महागडे प्रोसेसर वापरणाऱ्यांचे कॉम्प्युटर अचानक बंद पडू लागले. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि ती आतून झिजत होती. कित्येक महिने गोंधळ चालला, मदरबोर्डवाल्यांच्या सेटिंगकडे बोट दाखवून झालं. शेवटी २०२४ मध्ये इंटेलने दोष मान्य केला, दुरुस्तीचं अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण त्या अपडेटने झिजलेली चिप परत नवी होत नाही, हेही इंटेलनेच सांगितलं. सॉफ्टवेअरने हार्डवेअरची जखम भरत नाही. अपडेट टाकून बघा म्हणणाऱ्या प्रत्येक कस्टमर केअरवाल्याला हे ऐकवायला हवं.

तरी इंटेलने वॉरंटी वाढवली, म्हणजे काही तरी केलं. आपल्याकडे फोनच्या बाबतीत काय होतं? पडद्यावरची हिरवी रेघ आठवते का? चांगला चालणारा फोन, एक दिवस अपडेट घेतलं आणि पडद्यावर उभी हिरवी रेघ. देशभर तक्रारी आल्या. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२३ मध्ये वनप्लसने भारतात काही मॉडेल्सना पडद्याची आजीवन वॉरंटी दिली. २०२४ मध्ये सॅमसंगने काही जुन्या गॅलेक्सींचा पडदा अटी घालून एकदा मोफत बदलून दिला. केलं ते चांगलंच केलं. पण ती मेहेरबानी होती, हक्क नव्हता. महागड्या फोनवाल्यांचा आवाज मोठा, म्हणून त्यांना मिळालं. १६ हजारांच्या फोनवाल्या डिलिव्हरीच्या पोरासाठी कोण ओरडणार?

कायदा काय म्हणतो ते बघू. आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्यात आहे, पण तो धोकादायक, असुरक्षित मालासाठी. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटल्या तेव्हा सॅमसंगला जगभरातून २५ लाख फोन परत बोलवावे लागले आणि शेवटी मॉडेलच बंद करावं लागलं. फोन पेटला की जग हलतं. फोन गुपचूप मेला की कुणी विचारत नाही.

त्याच कायद्यात सदोष मालाच्या नुकसानभरपाईचं अख्खं प्रकरण आहे. पण त्यातली 'हानी'ची व्याख्या वाचली की कळतं, खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान त्यात धरलेलंच नाही! फोन फुटून तुमचा हात भाजला तर ती हानी. दोष असलेला फोन स्वतःच मेला तर नाही.

मग उरतो जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, ही चांगली गोष्ट. पण दोष कंपनीचा आहे हे दाखवायला फोन प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली, तर तपासणीची फी तक्रारदाराने भरायची. रोज पार्सलं टाकून पोट भरणाऱ्याने कामावर खाडा करून तारखा किती गाठायच्या? शंभर जणांचा तोच फोन, तोच दोष, आणि शंभर जणांनी तो वेगवेगळा सिद्ध करायचा.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल आलं. फोन दुरुस्तीला किती सोपा यावर गुण देण्याच्या योजनेचा अहवाल मे २०२५ मध्ये समितीने सरकारकडे दिला. दिशा बरोबर आहे, पण गुण देणं वेगळं आणि सक्ती वेगळी. युरोपने जून २०२५ पासून सक्तीच केली आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे. कंपन्या त्याच, कारखाने तेच. तिकडे जमतं ते इकडे का जमू नये?

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात.

एक, खोक्यावर चिपचं नाव ठळक छापा. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा आहे का ते छापावं लागतं, मग पन्नास हजारांच्या वस्तूवर आत काय आहे ते का नको?

दोन, कोणत्या मॉडेलमध्ये कोणता भाग किती वेळा गेला, याची सर्व्हिस सेंटरची नोंद सरकारकडे जावी आणि लोकांना दिसावी. रिपेअरिंगवाल्याला जे माहीत आहे ते आपल्यालाही कळू द्या.

तीन, आणि हीच खरी : एखादा दोष ठराविक प्रमाणापलीकडे गेला की तो कंपनीचा दोष मानावा, आणि वॉरंटी संपली असली तरी दुरुस्ती फुकट. सिद्ध करण्याचं ओझं गिऱ्हाइकावर नको. यामुळे फोन दोन-चारशेने महाग होतील असं कुणी म्हणेल. होऊ देत. आज तेच पैसे साडेनऊ हजार होऊन एकट्या गरिबाच्या माथी बसतात.

हे होईल तेव्हा होईल. तोवर एवढं करा. बिल आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट जपून ठेवा, आणि जॉबशीटवर दोष लेखी लिहून घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आयोगात जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आणि एकाच दोषाचे बरेच जण असाल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते, ग्राहक संघटनेलाही ती करता येते. ग्राहक पंचायतीची चळवळ याच महाराष्ट्रात उभी राहिली. तिच्याकडे गेलं तर एकट्याला वकील शोधत फिरावं लागत नाही.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, त्या रिपेअरिंगवाल्याकडे बाकीचे दोघं आले होते, त्यांचे नंबर मिळतील का?"

सुरुवात तिथूनच होते. तुमचाही फोन असाच गेला असेल तर कमेंटमध्ये मॉडेल आणि काय गेलं तेवढंच लिहा. कुठली चिप भारी, ते भांडण दुसरीकडे.