सलगमचा पाला गोणीत जाऊ देऊ नका



थंडी पडली की कांजूरमार्ग स्टेशनबाहेरच्या भाजीच्या गाड्यांवर गाजर-मुळ्याशेजारी सलगम दिसू लागतो. पांढराशुभ्र, खांद्याला जांभळा, भोवऱ्यासारखा. आपण मराठी घरांतली माणसं बहुधा पुढे जातो, कारण आईच्या हातची सलगमची भाजी आपल्याला आठवत नाही. पंजाबी शेजाऱ्यांकडे मात्र याच दिवसांत गाजर-फ्लॉवर-सलगमचं लोणचं बरणीत मुरत असतं.

परवा संध्याकाळी मी अर्धा किलो सलगम मागितला. भाजीवाल्या दादांनी पाल्याची मूठ एका पिळात उपटली आणि गाडीखालच्या गोणीत कोंबली. मी वाकून बघितलं. सलगमचा, मुळ्याचा, नवलकोलाचा पाला, सगळा हिरवागार, वर पाण्याचे थेंबही सुकले नव्हते. "कोणी नेत नाही हो ताई," ते म्हणाले. खरं आहे. त्यांचा काही दोष नाही, मागणारे आपणच नाही.

या गोणीत काय जातं ते एकदा लक्षात घ्या. सलगमच्या 100 ग्रॅम कच्च्या पाल्यात साधारण 190 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात 120च्या आसपास. पालकातही कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झलेट ते अडवून धरतं. सलगमच्या पाल्यात ऑक्झलेट कमी, म्हणून त्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. शिवाय क आणि अ जीवनसत्त्व, फोलेट. पन्नाशीला आलेल्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी लिहिते आहे.

कंदही गुणाचाच. 100 ग्रॅमला जेमतेम 28 कॅलरी, बटाट्याला 77. मधुमेह असलेल्यांनी रश्शातल्या बटाट्याच्या जागी सलगम घालून बघावा. चव थोडी मोहरीच्या अंगाची, कारण कूळच ते. कोवळा, लिंबाएवढा घ्या; मोठा जून झालेला कडवट लागतो.

पाला मुळ्याच्या पाल्यासारखाच करायचा: लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, किंवा वरून पीठ पेरून. उकडून पाणी फेकू नका, क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर जातं. निवडल्यावर तीन पाण्यांतून धुवा आणि भाजी कुठून आली ते विचारा. नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पाला कितीही टवटवीत असला तरी नको. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पाला एकाएकी वाढवू नका. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करतं.

आणखी एक गोष्ट, जी कांजूरकरांना वेगळी सांगायला नको. मुंबईच्या कचऱ्याचा मोठा वाटा आपल्याच खाडीकाठी येऊन पडतो. रात्री वारा तिकडून फिरला की वासामुळे खिडक्या लावून झोपणारे आपणच. कुजणारा ओला कचरा त्या वासाचं मोठं कारण आहे, आणि गाडीखालची गोणी त्यातच जाते.

म्हणून कळकळीची विनंती. या हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी सलगम घ्या, आणि तोलण्याआधीच सांगा, "दादा, पाला तोडू नका." दहा घरांनी सांगितलं तर दादा आपणहून जुडी बांधून ठेवतील. भोगीच्या भाजीत पावटा, वांगं, गाजर, हरभऱ्याबरोबर दोन सलगम चिरून टाका. तीळ आणि बाजरीच्या भाकरीशी ते छान जमतात. ज्या इमारतींत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथल्या बायकांनी यंदा प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पाल्यासकट सलगमची जुडी वाण द्यावी. आमच्या मजल्यावर आम्ही तेच ठरवलं आहे. जुड्या आदल्या संध्याकाळी आणून ओल्या पंचात गुंडाळून ठेवल्या, की दुसऱ्या दिवशीपर्यंत पानं मान टाकत नाहीत.

— कांजूरमार्गची एक रहिवासी