विश्लेषण : डोळ्यांखालच्या पिशव्या काढताना दृष्टीला धोका किती?

डोळ्यांखाली आलेल्या पिशव्या काढण्याची शस्त्रक्रिया झाली, की बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. मात्र दृष्टी जाण्याइतकी गंभीर गुंतागुंत झालीच, तर ती बहुधा पहिल्या २४ तासांत होते. त्या वेळी रुग्ण घरी असू शकतो. धायरीसारख्या, सिंहगड रस्त्याच्या कोंडीवर अवलंबून असलेल्या भागात म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

वयानुसार डोळ्याच्या खोबणीतील चरबी पुढे सरकते आणि पापणीखाली फुगवटा दिसतो. पापणीच्या आतून किंवा केसांलगत छेद घेऊन ही चरबी काढतात किंवा खाली पसरवतात. गरज असल्यास सैल त्वचाही कापतात. याला ‘लोअर ब्लेफारोप्लास्टी’ म्हणतात.

कोणते त्रास होऊ शकतात?

सूज, काळेनिळे डाग, डोळ्यांतून पाणी येणे हे सहसा काही दिवसांत कमी होते. त्वचा जास्त कापली गेली किंवा पापणी मुळातच सैल असली, तर ती खाली ओढली जाते किंवा बाहेर वळते. मग डोळा पूर्ण मिटत नाही, कोरडा पडतो आणि कॉर्नियाला इजा होऊ शकते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूला धक्का लागल्यास एकाच्या दोन प्रतिमा दिसतात.

दृष्टी कशामुळे जाते?

डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास. खोबणी हाडांची असल्याने साचलेल्या रक्ताला जागा मिळत नाही. दाब वाढतो आणि दृष्टिपटल व डोळ्याच्या मुख्य नसेचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण दीड तासानंतर नुकसान कायमचे होण्याची भीती असते. पापण्यांच्या सौंदर्य शस्त्रक्रियांबाबत अमेरिकी शल्यविशारदांच्या २००४ मधील पाहणीत असा रक्तस्राव सुमारे दोन हजारांत एकाला, तर कायमची दृष्टिहानी सुमारे २२ हजारांत एकाला आढळली. म्हणजे धोका दुर्मीळ आहे, पण वेळ कमी आहे. टाके उघडून आणि डोळ्याच्या कानाकडच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब तातडीने मोकळा करावा लागतो.

धायरीकरांनी काय विचारावे?

धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. मात्र पुणे स्टेशनजवळच्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जाताना संध्याकाळच्या गर्दीत त्या दीड तासातला मोठा वाटा रस्त्यातच जाऊ शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच विचारावे : रात्री फोन कोण उचलणार? दाब मोकळा करणारा डॉक्टर जवळ कुठे आहे? डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर, तर रुग्णालयाची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तपासता येते.

रक्तदाब, थायरॉइड, कोरडे डोळे, पूर्वीची लेसिक आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

घरी गेल्यावर कशाकडे लक्ष द्यावे?

एका डोळ्यात वाढत जाणारी तीव्र वेदना, घट्ट झालेली पापणी, पुढे आलेला डोळा किंवा कमी दिसणे. पट्टीआड दिसणे कमी झाल्याचे कळत नाही, म्हणून डोळा कधी आणि कसा तपासायचा हे निघण्यापूर्वीच समजून घ्यावे. यापैकी काहीही जाणवले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा आणि लगेच निघावे. वाहन नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका मागवावी.