आधी मनगट सोडा

मे महिन्यात दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा वाचायला घेतला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. एका कथेत नायिका चिडून निघते, नायक मागून येतो, तिचं मनगट पकडतो आणि तिला गर्रकन स्वतःकडे वळवतो. पुढच्या कथेत तेच. तिसरीत पाऊस होता, पण मनगट होतंच. तिघं लेखक तीन गावांचे, एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता नाही. मराठी कथेतला प्रेमवीर आजवर चिठ्ठ्या लिहायचा, एसटी स्टँडवर ताटकळायचा, फार तर मुलीच्या भावाचा मार खायचा. त्याला हा मनगटाचा नाद कुठून लागला? घरी विषय काढला, तर पुतणी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "काका, हा के-ड्रामा आहे."

के-ड्रामा म्हणजे कोरियन मालिका. तेव्हापासून ते मनगट डोक्यात ठसठसतंय.

वर्ष काही मनगटावर संपादकीय लिहावं असं नव्हतं. जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि सप्टेंबरात मराठवाड्यात असं पाणी आलं की पिकाबरोबर मातीही गेली. त्या पाण्यावर आत दोन लेख आहेत; ते आधी वाचलेत तरी माझी हरकत नाही. ही पानं मात्र संपादकाच्या खाजेसाठी राखून ठेवायची आमची जुनी रीत आहे, आणि तुम्ही ती सांभाळून घेत आला आहात.

मराठीत हात धरण्याचे दोन टोकांचे अर्थ आहेत. लग्नात पाणिग्रहण होतं तेव्हा हात धरतात. आणि गावात "त्याने तिचा हात धरला" असं कोणी खालच्या आवाजात सांगितलं, की ऐकणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नाही. चौकीवर त्यालाच विनयभंग म्हणून लिहून घेतात. कोरियन नायकाने या दोन्हींमधून वाट काढली आहे. तो हात धरतच नाही, मनगट धरतो. घरी करून बघा. हात धरला, तर समोरच्याची बोटं आपल्या बोटांवर मिटतात की नाही हे लगेच कळतं. मनगट धरलं, की तिच्या बोटांना काही बोलायची सोयच राहत नाही, ती हवेत तशीच लोंबतात. आपण मनगट धरतो ते रस्ता ओलांडताना पोराचं, नाडी बघताना आजाऱ्याचं आणि गर्दीत सापडलेल्या पाकीटमाराचं.

त्या मालिकांतला एक प्रसंग तर इतका ठरलेला आहे, की पुतणी तो येण्याआधी सांगते. नायिकेचं एक मनगट नायकाच्या मुठीत, दुसरं दुसऱ्या पुरुषाच्या. दोघं एकमेकांकडे रोखून बघतायत, संगीत चढतंय, आणि मधल्या बाईकडे कॅमेरासुद्धा फारसा वळत नाही. भिंतीशी कोंडून बाजूला हात टेकणं, न विचारता घेतलेलं चुंबन, यांना कोरियन भाषेत वेगवेगळी नावं आहेत, जशी आपल्याकडे कुस्तीच्या डावांना असतात. शिवाय प्रत्येक मालिकेत एक सभ्य माणूस असतो. तो विचारून जवळ येतो, नाही म्हटलं की थांबतो, छत्री देऊन स्वतः भिजत जातो. त्याला नायिका मिळत नाही. सोळा भाग तो भिजतो.

पुतणीने माझी शिकवणी घेतली ती 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'पासून. मूळ गोष्ट योको कामिओच्या जपानी चित्रकथेची. कोरियन मालिका २००९ची, पण हिंदी डबिंगमधून आपल्याकडे अजून बघितली जाते. गम जान-दी ही कपडे धुणाऱ्या दुकानदाराची मुलगी श्रीमंतांच्या शाळेत येते. गु जुन-प्यो हा शाळेचा अनभिषिक्त राजा. तो तिच्यावर सगळी शाळा सोडतो, आणि मग त्याचं मन बसल्यावर माणसं पाठवून तिला उचलून स्वतःच्या हवेलीत आणवतो, नटवतो, सजवतो. हे अपहरण आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण शेवटी आरशात ती सुंदर दिसते. मी तेवढ्यापुरता आवाज बंद करून तो प्रसंग पाहिला. संगीत काढून टाकलं, की तो गुन्हेवृत्ताच्या कार्यक्रमातला वाटतो.

त्याच मालिकेत जान-दीला छळणाऱ्या तीन मुलींचं टोळकं आहे. त्यातली सनी ज्या नटीने केली, तिचं नाव जांग जा-यन. मालिका चालू असतानाच, ७ मार्च २००९ रोजी, तिने आत्महत्या केली. वय एकोणतीस. मागे तिच्या हस्ताक्षरातले कागद राहिले. बड्या लोकांची सरबराई करायला, त्यांची शय्यासोबत करायला आपल्याला भाग पाडलं गेलं, मारहाण झाली, असं त्यांत लिहिलं होतं. तिच्या एजन्सीच्या प्रमुखाला शिक्षा झाली ती मारहाणीची, तीही स्थगित. २०१८ मध्ये पुन्हा चौकशी करा म्हणून दोन लाखांहून जास्त लोकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे अर्ज केला. प्रकरण उघडलं, आणि मे २०१९ मध्ये पुरावा नाही, मुदत उलटली, असं सांगून लैंगिक अत्याचाराचा भाग मिटवण्यात आला. मालिकेचे भाग आजही तसेच्या तसे चालतात. सनी त्यात खिदळते. हे कळल्यावर मला ते टोळकं पुढे ढकलून बघता येईना.

हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तर आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी वर्षभरात मी किमान दहा तोंडांतून ऐकलेलं वाक्य म्हटलं: "अहो, त्यांची संस्कृतीच तशी आहे." माझी खरी तक्रार या वाक्याशी आहे. मनगट दुय्यम.

कोणाची संस्कृती? कोरियन भाषेत एक म्हण आहे, दहा घाव घातल्यावर पडत नाही असं झाड नाही. पुरुषांनी ती प्रेमालाही लावली. पण त्या झाडांनी काय म्हटलं, तेही त्याच देशात घडलेलं आहे. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारं पहिलं विधेयक तिथे १९९९ मध्ये आलं. कायदा मंजूर व्हायला २०२१ साल उजाडलं. बावीस वर्षं तिथल्या बायका भांडत होत्या. (आपल्याकडे दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर २०१३ मध्येच पाठलागाचं कलम आलं. कायदा करण्यात आपण पुढे असतो, याबद्दल वाद नाही.) तोवर पाठलाग म्हणजे तिथे किरकोळ दंडाची बाब होती. आणि कायदा आल्यावरही सप्टेंबर २०२२ मध्ये सोलच्या सिंदांग मेट्रो स्थानकात एका तरुण कर्मचारी मुलीला, ती कामावर असताना, तिच्या जुन्या सहकाऱ्याने भोसकलं. तिने त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. खटल्याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. तिथे रस्त्यावर उतरलेल्या मुलींना कोणी जाऊन सांगावं, की बाई गं, तुमची संस्कृतीच तशी.

२०१८ साल बघा. जानेवारीच्या शेवटी सो जी-ह्यन या सरकारी वकील बाई दूरचित्रवाणीवर बातम्यांच्या वेळी येऊन बसल्या आणि आठ वर्षांपूर्वी एका अंत्यविधीच्या ठिकाणी आपल्या वरिष्ठाने काय केलं, ते त्यांनी सांगितलं. मार्चमध्ये दक्षिण चुंगचाँग प्रांताच्या गव्हर्नरची सचिव त्याच वाहिनीवर आली. गव्हर्नर आन ही-जंग हे राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतलं नाव. तिने बलात्काराचा आरोप केला. जून-जुलैत दुसऱ्या एका वाहिनीवर साहेब आणि सचिवाच्या प्रेमाची मालिका आली, 'व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम', आणि देश तिच्यावर लुब्ध झाला. ऑगस्टमध्ये खालच्या कोर्टाने आन यांना निर्दोष सोडलं. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये वरच्या कोर्टाने साडेतीन वर्षांची शिक्षा दिली आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मालिकेच्या बाजूने एवढं नोंदवतो, की तिच्यातली सचिव पहिल्याच भागात नोकरी सोडणार असल्याचं सांगते.

२०१८ सालचीच 'समथिंग इन द रेन' मी स्वतःहून पूर्ण पाहिली. नायिका यून जिन-आ कॉफीच्या कंपनीत नोकरीला. कामानंतर साहेब मंडळींबरोबर जेवायला जाणं ही तिथे जवळजवळ ड्यूटीच. बायकांनी मांस भाजायचं, ग्लास भरायचे, मग गाण्याच्या खोलीत साहेबांचं मन रमवायचं. जिन-आ खंजिरी वाजवून वेळ मारून नेते, म्हणून ऑफिसात तिचं नावच 'टॅम्बरीन' पडलंय. जिन-आ झालेल्या सन ये-जिनने त्या प्रसंगात जे हसू आणलंय ते मी आमच्या जुन्या ऑफिसात पाहिलेलं आहे; तेव्हा मला ते खरं वाटायचं. आणि याच मालिकेत, चारचौघांत पीत बसलेले असताना, टेबलाखाली ती स्वतः पुढे होऊन नायकाचा हात धरते. मनगट नाही, हात. तो घाबरतो. अख्ख्या मालिकेत याहून धीट काही नाही.

"पण लिहिणाऱ्या तर बायकाच आहेत ना?" हा पुढचा प्रश्न. आहेत. कोरियन मालिकांच्या बहुतेक लेखक बायका आहेत आणि त्यांतलं सर्वांत मोठं नाव किम उन-सुक. 'सीक्रेट गार्डन'मध्ये त्यांनी नायिकेला स्टंट करणारी बाई केलं, जी चार पुरुषांना सहज लोळवेल. आणि मालदार नायक तिला पलंगावर दाबून धरतो तेव्हा तिच्या अंगातलं बळ कुठे जातं, ते काही सांगितलं नाही. याच बाईंनी पुढे 'द ग्लोरी' लिहिली, तिच्यात छळाला छळच म्हटलंय. माणसं बदलतात. प्रेक्षकही बदललेत: 'इट्स ओके टू नॉट बी ओके'मध्ये नायिकाच नायकाच्या अंगाशी झोंबली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिच्याविरुद्धही तक्रारी केल्या. मला ते आवडलं. नियम म्हटला की सगळ्यांना.

आता आमच्याच घरातलं. पुतणीला सोलचे दोष दाखवत होतो, तेव्हा तिने माळ्यावरचे आमचे जुने अंक काढले. त्यांत साहेब आणि टायपिस्ट. साहेबांच्या मांडीवर टायपिस्ट, साहेबांची बायको दारात, साहेबांच्या कॉलरवर लिपस्टिक. पान उलटलं की खिडकीचित्र, खिडकीतून एक दिसणार, उघडल्यावर भलतंच. यातली बरीच मी स्वतः निवडलेली, ओळी मी सुधारलेल्या. दिवाळी अंक म्हणजे चकली-चिवड्याबरोबर हे असायचंच, आणि कोणी विचारलं तर आम्हीही म्हणालो असतो, आमची संस्कृतीच तशी. त्या काळी आमच्या कचेरीत दोन टायपिस्ट होत्या. अंक त्याच टाइप करायच्या. त्यांना ती चित्रं कशी वाटली, हे मी कधी विचारलं नाही. एक आता डोंबिवलीला असते. फोन करीन म्हणतो.

यंदाच्या अंकाचा विषय 'शेजार' आहे. तो जानेवारीत ठरला, मनगट मेमध्ये आलं, तेव्हा दोन्हींची सांगड मी ओढूनताणून घालतोय हे तुम्ही ओळखलंच असेल. कोरिया काही आपल्या भिंतीपलीकडे नाही. पण रांजणगावच्या कारखान्यातली वॉशिंग मशीन कोरियन, पुतणीच्या तोंडाला लावायची मलमं कोरियन, आणि रात्री अकरानंतर आमच्या माजघरातून ऐकू येणारं रडणं कोरियन. त्याला शेजार म्हणायचं नाही तर काय? आत कोकणातल्या वाडीपासून बेळगावच्या गल्लीपर्यंतचे शेजार आहेत, ते या सांगडीपेक्षा बरे जमले आहेत.

त्या तीन कथांपैकी दोन छापल्या आहेत. एका लेखकाने मनगट काढायला नकार दिला, त्याच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. छापलेल्यांपैकी एकीत लेखिकेने एवढंच केलं, की नायकाला हाक मारायला लावली. नायिका थांबते की नाही, ते वाचा.

जाता जाता एक. आमच्या एका ज्येष्ठ व्यंगचित्रकार मित्राने सवयीप्रमाणे गणपतीत सहा चित्रं पाठवली. पाचवं साहेबाचं. टायपिस्टच्या जागी लॅपटॉपवाली मुलगी, बाकी सगळं तेच. मी ते परत पाठवलं. त्यांचा फोन आला: "अरे, म्हातारा झालास की काय?" मी म्हटलं, झालो. ते हसले, शिव्या दिल्या, आणि नवं चित्र देतो म्हणाले. छपाईला जाईपर्यंत आलं नाही. त्या जागी भाजणीची जाहिरात घेतली आहे.